फळीवरचे सहा बिल्ले

३ मे

पोचलो एकदाचा. चार दिवस खेचरांच्या शेपट्या बघत चाललो, पण पोचलो, आणि खोटं कशाला लिहू, मजा आली. ऊन लख्ख आहे, हवा स्वच्छ आहे, तंबूत पाय पसरून झोपता येतं. तेवीस वर्षं औषधांच्या गोदामात खोकी मोजण्यात गेली. नाकातला तो गोळ्यांचा वास आज पहिल्यांदा गेला.

आधी मंडळींची ओळख लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणाला शिव्या घातल्या ते मलाच कळेल. मोहिमेचे नेते आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान. फरशांचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांना फरशा विकल्या आणि पन्नाशी उलटल्यावर यांना एकाएकी शिखरं दिसायला लागली. गुडघे वाजतात, उजवा जास्त. ते येण्याआधी त्याचा आवाज येतो. दुसरे वकील, जमिनीच्या भांडणांतले. डोळे दुखतील इतकं पिवळं जॅकेट घालतात आणि स्वतःच्या वस्तू सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर यांचं लक्ष असतं. तिसऱ्या डॉक्टरीणबाई. मोहिमेला डॉक्टर आहे म्हणून ताईला धीर आला होता. इथं आल्यावर कळलं की बाई दातांच्या आहेत. वर कुणाची अक्कलदाढ दुखली तर सोय झाली, पण तेवढी अक्कल असलेलं कुणी वर जाईल असं वाटत नाही.

मग एक स्वयंपाकी, जो गरम पाण्याला सूप म्हणतो. आणि एक म्हातारा वाटाड्या. तीस वर्षं या डोंगरावर माणसं नेतोय, स्वतः एकदाही शिखरावर गेलेला नाही, आणि हे असं सांगतो की जणू मोठी पदवीच मिळवली.

सहावा मी. कागदोपत्री सामान सांभाळणारा. खरं काम वेगळं आहे. निघायच्या दिवशी ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि सांगितलं की शिखर चढोत न चढोत, तिला त्याचं काही नाही, तू त्यांना तेवढं घरी घेऊन ये. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. तेव्हा एका फरशीवाल्याला धडधाकट परत नेऊन दुकानात बसवायचं, एवढीच माझी मोहीम.

५ मे

जिथं मोजायला काही नाही अशा जागी आलो असं वाटलं होतं. कसलं काय. जेवणाच्या तंबूसमोर एक फळी रोवली आहे. वरच्या ओळीत सहा खिळे, खालच्या ओळीत सहा. प्रत्येकाला पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर ज्याची त्यानं खूण कोरायची. भावजींनी चौकोन काढला. फरशीच ती, दुसरं काय सुचणार. वकिलांनी तराजू काढायला घेतला आणि ते प्रकरण शेवटी चष्म्यासारखं झालं. मी फुली मारून मोकळा झालो.

डोंगरावर जाताना आपला बिल्ला वरच्या खिळ्याला लावायचा, परत आलं की खालच्या. ज्याचा त्यानं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोटही लावायचं नाही. एक जरी बिल्ला वर असला तरी काठीवर निळं फडकं फडकत राहतं, स्वयंपाकी सूप वाढत नाही, आणि परतायच्या दिवशी उजेड असेतोवर माणूस आला नाही तर सगळ्यांनी शोधायला निघायचं. सगळे बिल्ले खाली आले की फडकं उतरतं.

एखादा विसरला तर काय, म्हणून मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "फळीवर जेवढे खाली, तेवढे खाली येतात. ते कोण, हे डोंगर बघतो." एवढं बोलून त्यानं नाक शिंकरलं. तत्त्वज्ञान संपलं.

मला हसू आवरेना. गोदामात माझं वेगळं शास्त्र होतं. संध्याकाळी रजिस्टर आणि माल जुळला नाही तर रजिस्टर जुळवून टाकायचं आणि घरी जायचं. खोकं कुठंतरी असतंच, दोन दिवसांनी सापडतं. तेवीस वर्षांत माझ्या कामात कुणाला खोट सापडली नाही.

८ मे

आज मलाही ओझं घेऊन वरच्या तंबूपर्यंत नेलं. सहा तास. शेवटी एक उभी बर्फाची भिंत आहे, तिच्यावर दोर बांधलेला आहे, तो धरून चढायचं. मी चढलो. वर गेल्यावर भावजींनी माझी पाठ थोपटली, जणू त्यांच्यासारखाच आणखी एक वेडा तयार झाला. वरून आमचा तळ दिसतो, दुर्बिणीतून तर फळीसुद्धा.

परत आलो तेव्हा भुकेनं जीव चाललेला. सगळ्यांनी बिल्ले लावले, पण तराजूचा चष्मा वरच लटकलेला. अर्धा तास फडकं फडकतंय, सूप थंड होतंय, आणि वकीलसाहेब बूट बाहेर काढून तंबूत घोरत पडलेले. तिसऱ्यांदा. स्वयंपाक्यानं उठवायला पाठवलं तर माझ्यावरच खेकसले. कोर्टात तारखा कशा लक्षात राहतात यांच्या?

संध्याकाळी भावजी माझ्याशेजारी बसून गुडघ्याला मलम लावत होते. रोज या वेळी ते घराची आठवण काढतात. आमच्या बाईसाहेब काय करत असतील, असं विचारतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अजून बाईसाहेबच. हा माणूस मूर्ख आहे, पण ताईवर त्याचा जीव आहे, हे कबूल करावं लागेल.

११ मे

सकाळी भावजी, वकील, डॉक्टरीणबाई आणि वाटाड्या ओझी घेऊन वर गेले. दुपारी धुकं उतरलं. असलं दाट की फळीवरून तंबू दिसेना. तीनच्या सुमारास एकेक करून माणसं धुक्यातून बाहेर पडली. भावजींचा गुडघा आधी ऐकू आला. मग बाई, मग म्हातारा. तिघांनी बिल्ले लावले. वकिलांचा वरच.

भावजी म्हणाले, वकील पुढं गेले होते, केव्हाच पोचले असतील. बाई म्हणाल्या, नाही, मागं होते. म्हातारा म्हणाला, बिल्ला वर आहे म्हणजे माणूस वर आहे, आणि दोर खांद्यावर टाकून पुन्हा निघायची तयारी करायला लागला. म्हणजे आता त्याच्यामागून आम्ही चौघांनी पुन्हा त्या धुक्यात जायचं. भावजींचे ओठ निळे पडले होते आणि तरी ते बूट पुन्हा बांधायला बसले.

मी वकिलांच्या तंबूकडं गेलो. बाहेर बूट होते. दाराची चेन बंद. हाक मारली. आत कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. वारा असेल, पण मला खोकलाच वाटला, आणि मला खोकलाच हवा होता. पुन्हा माझ्यावर खेकसून घ्यायची हौस नव्हती. फळीपाशी आलो, कुणी बघत नव्हतं, तराजूचा चष्मा उचलला आणि खालच्या खिळ्याला अडकवला. मग ओरडून सांगितलं की वकील आले, बिल्ला लावून झोपले.

फडकं उतरलं. सूप मिळालं. भावजी बूट काढताना माझ्याकडं बघून हसले. इतका सोपा उपाय आणि तीस वर्षांत कुणाला सुचला नाही.

१२ मे

वकील रात्री जेवायला आले नव्हते. स्वयंपाक्यानं सुपाचा मग तंबूबाहेर ठेवला होता, सकाळी तो रिकामा मिळाला. नऊ वाजता साहेब बाहेर आले. पिवळं जॅकेट, केस नीट विंचरलेले. सगळ्यांना नमस्कार केला. स्वतःची ताटली स्वतः धुतली. कुणावर खेकसले नाहीत, कुठल्या खटल्याची गोष्ट सांगितली नाही. एका रात्रीत माणसात एवढी सुधारणा मी कधी पाहिली नाही.

एक बारीकसं लिहून ठेवतो. त्यांचे कालचे बूट अजून तंबूबाहेरच आहेत, कोरडे. हे वापरायचे बूट नव्हेतच, जादा जोड आहे. आज त्यांच्या पायात जे आहेत त्यांच्यात बर्फ भरलंय, घोट्याशी दिसतं. दिवसभर उन्हात बसले. ते बर्फ वितळलं नाही.

१३ मे

वकिलांच्या हातात गरम मग दिला तर ते तो नुसता धरून बसतात. आज मी मुद्दाम बघत होतो. थोड्या वेळानं त्यांनी मग खाली ठेवला तेव्हा वर साय धरावी तसं बर्फ धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली. बराच वेळ मनगट धरून बसल्या, मग स्वतःच्या बोटांना दोष दिला, म्हणाल्या बधिर झाली आहेत. दातांच्या डॉक्टरला मनगटात काय सापडणार म्हणून मी थट्टा केली. कुणी हसलं नाही. वकील हसले, पण जरा उशिरा.

१४ मे

दुपारी सहज दुर्बीण लावली. वरच्या तंबूच्या डावीकडं एक काळा सुळका आहे, वाट सोडून बरीच आत. त्याच्या पायथ्याशी काहीतरी पिवळं होतं. ते हलत होतं. नीट बघितलं. माणूस आहे. हात वर करून हलवतोय, थांबतोय, पुन्हा हलवतोय.

मी दुर्बीण खाली ठेवली आणि मोजलं. मोजायला शिकलेला माणूस दुसरं काय करणार. भावजी, बाई, म्हातारा, स्वयंपाकी, मी. आणि टेबलापाशी पिवळं जॅकेट घालून वकील. सहा. फळीवर सहा बिल्ले खाली. बरोबर.

पुन्हा दुर्बीण लावली. तो हात हलवतच होता.

मी टेबलापाशी गेलो आणि हसत हसत, थट्टेच्या सुरात विचारलं की वकीलसाहेब, त्या दिवशी धुक्यात कुठल्या वाटेनं आलात? त्यांनी मान वर केली. अगदी त्यांचाच आवाज, तोच खर्ज.

"असं काय विचारता? तुम्हीच तर मला खाली आणलंत."

१५ मे

म्हाताऱ्यानं सकाळी सगळ्यांना फळीसमोर उभं केलं आणि विचारलं की अकरा तारखेला कुणी दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला होता का. त्याला काय दिसलंय कोण जाणे. वकिलांशेजारी तो बसत नाही, एवढं मी पाहिलंय.

मी नाही म्हटलं. वर असंही म्हटलं की आम्ही शिकलेली माणसं आहोत, पत्र्याच्या तुकड्यांवरून आमची उलटतपासणी नको. भावजींनी माझी बाजू घेतली. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि मग निघून गेला.

सांगायला काय झालं होतं मला? दोन वाक्यं. मी बिल्ला हलवला, वकील अजून वर आहेत. पण मग टेबलाशी बसलाय तो कोण, हे सांगायला लागलं असतं. फरशीवाला, दातवाली आणि पाणी उकळणारा, असल्या लोकांपुढं मी वेडा ठरलो असतो. मला लाज वाटली. माणूस वर हात हलवत होता आणि मला लाज वाटली.

सुळक्यापाशी संध्याकाळपर्यंत एकच हात हलत होता.

१६ मे

आभाळ स्वच्छ. भावजी, डॉक्टरीणबाई आणि वकील शिखरासाठी निघाले. मी भावजींना बाजूला घेऊन जाऊ नका म्हटलं. का, म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, ताईला वचन दिलंय. ते म्हणाले की बाईसाहेबांना सांग, शिखरावरचा एक दगड आणतो, दुकानात काचेत ठेवू. आणि गेले. दोरावर त्यांच्या मागं तो पिवळा.

सुळक्यापाशीचा आता हलत नाही. बसलाय.

१७ मे

धुकं. दुपारी दोघंच आले, बाई आणि वकील. बाई सरळ तंबूत जाऊन पडल्या, एवढंच म्हणाल्या की भावजी वरच्या तंबूत थांबलेत, पायाला गारठा बाधलाय, उद्या माणसं घेऊन जाऊ. बिल्ला मात्र लावला त्यांनी.

वकिलांनी आपला लावला. मग माझ्याकडं बघत, सावकाश, भावजींचा चौकोन उचलला आणि खालच्या खिळ्याला अडकवला. मी दहा पावलांवर होतो. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

तासाभरानं धुक्यातून भावजी आले. गुडघा वाजला नाही. सगळे आनंदले, बाईसुद्धा उठून आल्या, म्हणाल्या कमाल आहे या माणसाची. त्यांनी सूप घेतलं आणि मग हातात धरून बसले.

संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले. मलम मागितलं नाही. म्हणाले, "ताईकडे कधी निघायचं?"

सत्तावीस वर्षांत त्यांनी तिला ताई म्हटलेलं नाही. हा शब्द माझा आहे. माझ्याकडून घेतलाय त्यानं.

१८ मे

मी वर निघालोय. भावजी वर आहेत. खरे. तंबूत असतील तर जगले असतील.

चौकोन वर अडकवून बघितला, दोनदा. दोन्ही वेळा मागं वळून बघेपर्यंत खाली होता.

म्हाताऱ्याला सांगायला गेलो होतो. स्वयंपाकी तिथंच होता, माझा चेहरा बघून हसला, म्हणाला साहेबांची पाचावर धारण बसलेली दिसते. मी मागं फिरलो. तेवढ्यावरून. स्टोव्हचं सामान आणायला वर जातोय, उद्या परततो असं सांगितलंय. माझी फुली मी स्वतःच्या हातानं वर लावली आहे. फडकं चढलं. ते आहे तोवर खाली एक माणूस कमी आहे, हे त्यांना कळेल. एवढंच मागतो.

१८ मे, वरचा तंबू

सापडले. जिवंत आहेत. पाय काळे पडलेत, बोलणं जड झालंय, पण मला बघून पहिलं काय विचारलं तर बाईसाहेबांना कळवलंस का. मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो. हा मूर्ख फरशीवाला. खिशात दगड आहे त्यांच्या.

सुळक्यापाशी गेलो होतो. वकिलांचा पाय मोडलेला, डोळे उघडे होते. त्यांना वाटलं असेल, बिल्ला वर आहे, येतील. मी त्यांची क्षमा मागितली. काय उपयोग.

उद्या भावजींना पाठीला बांधून दोरावरून उतरवतो. खाली निळं फडकं दिसतंय.

१९ मे

सकाळपासून वारा. उभं राहता येत नाही. थांबलोय. फडकं आहे.

दुपार — दुर्बिणीतून बघतोय. सगळे जेवणाच्या तंबूबाहेर ताटकळलेत. सूप नाही. म्हातारा दोर खांद्यावर टाकतोय, इकडं यायला. शाबास म्हाताऱ्या. ये.

डॉक्टरीणबाई माझ्या तंबूपाशी गेल्यात. चेनपाशी वाकल्यात. आत कुणी नाही बाई, मी इथं आहे. हाक मारतायत. कान लावून ऐकतायत —

आता फळीकडं चालल्या आहेत. वैतागलेली चाल. मी ओळखतो ती चाल, माझीच —

नको.

हात वर केला. काहीतरी उचललं. खाली लावलं. हात झटकले.

फडकं उतरतंय.

१९ मे, उशिरा दुपारी

मी दोन्ही हात हलवले. ओरडलो. भावजी विचारतायत काय झालं. काही नाही म्हटलं.

तळाच्या कडेला धुकं उतरलं, त्यातून एकजण आला. तपकिरी कानटोपी. माझी. सगळ्यांना नमस्कार करतोय. टेबलाशी बसला. वही काढली. लिहितोय.

२० मे

तळावरचे तंबू उतरवले. खेचरं आली. मोहीम यशस्वी.

भिंतीपर्यंत गेलो. दोर नाही. रात्री वाऱ्यात कुणी येऊन सोडला, कळलंही नाही. मोहीम संपली की गुंडाळून नेतात — नियमच आहे. कड्यावरून वाकून बघितलं, खाली गुळगुळीत बर्फ.

रांगेनं निघालेत. मोजले. सहा. बरोबर.

म्हातारा एकदा थांबला, मागं वळून वर बघत राहिला. मी हात हलवला. पिवळ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गेले.

भावजी आता बोलत नाहीत. हात धरलाय त्यांनी माझा. तू आहेस ना, एवढंच मघाशी.

बोटं वळत नाहीत. ही वही कुणाला सापडली तर ताईला — पत्ता मागच्या पानावर —

ताई, तुला दिलेला शब्द तो पाळतोय. भावजींना घेऊन येतोय घरी. दोघं येतील. माझ्यासारखाच बोलेल, नावं ठेवत, सगळ्यांना. तू हसशील.

भावजींचा गुडघा ऐक. जिन्यावर वाजला नाही तर —

त्यांनी तुला ताई म्हणून हाक मारली तर दार उघडू